५० पैशांचं पोस्टकार्ड: अतिलघुकथेच्या सरावाला कसं आहे?

वस्तू: डाक विभागाचं साधं पोस्टकार्ड. किंमत ५० पैसे. आकार १४ बाय ९ सेंटिमीटर. कुठल्याही पोस्टात विचारा. कोल्हापुरात असाल आणि पेठेतल्या छोट्या पोस्टात संपलेलं असलं तर रमणमळ्यातल्या मुख्य पोस्टात जा.

लिहिणं आटोपशीर व्हावं म्हणून अलक (म्हणजे अतिलघुकथा) लिहा, शतशब्दकथा लिहा, हा सल्ला आता सगळीकडे ऐकू येतो. सल्ला बरोबरच आहे. पण कशावर लिहायचं, कुठं थांबायचं आणि जमलंय की नाही हे कसं ओळखायचं, हे सांगायला कुणी बसत नाही. मग लोक मोबाइल उघडतात, खालचा शब्दांचा आकडा शंभरावर आणतात आणि झालं म्हणतात. मराठीत ही पद्धत सपशेल फसवी आहे.

कारण साधं आहे. यंत्र दोन मोकळ्या जागांमधलं जे असेल त्याला एक शब्द म्हणतं. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, शिवाय जोडशब्दांची रेलचेल. ‘बघता बघता’ जोडून ‘बघताबघता’ केलं, ‘हळू हळू’चं ‘हळूहळू’ केलं, ‘काका काकू’मध्ये रेघ टाकून ‘काका-काकू’ केलं, की तीन शब्द वाचले. मजकुरातलं एक अक्षर कमी झालं नाही. एकशे आठ शब्दांची कथा शंभरावर आणायला अशा आठ जोड्या सापडल्या की पुरे, आणि त्या सापडतातच. अक्षरं मोजावीत तर तिथं वेगळीच गंमत. मोबाइल काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजतो. ‘कोल्हापूर’ म्हणताना आपण चार अक्षरं म्हणतो, यंत्राच्या हिशेबात ती नऊ होतात. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरांची मुभा असते, देवनागरीला ७०, आणि त्यातली नऊ एका गावाच्या नावातच संपली.

पोस्टकार्ड शब्द मोजत नाही आणि अक्षरंही मोजत नाही. ते जागा मोजतं. ‘बघताबघता’ जोडून लिहा नाहीतर तोडून, ओळीतली जागा जवळपास तेवढीच जाते. लांबलचक संस्कृत शब्द वापरला तर त्याची किंमत तिथल्या तिथं दिसते: ‘अंतर्मुख’ लिहायला ‘गप्प’च्या दुप्पट जागा लागते. ‘घराच्या समोर असलेल्या झाडाच्या खाली’चं ‘घरासमोरच्या झाडाखाली’ केलं, तर मात्र खरोखर अर्धी ओळ सुटते. खरी काटकसर आणि खोटी काटकसर यातला फरक इतक्या स्वस्तात दाखवणारी दुसरी वस्तू बाजारात नाही.

आता हिशेब. कार्डाची मागची बाजू पूर्ण आपली. वर-खाली अर्धा सेंटिमीटर आणि डाव्या-उजव्या बाजूला एक सेंटिमीटर सोडा. आठ मिलिमीटरवर पेन्सिलीनं हलक्या रेघा मारल्या की दहा ओळी मिळतात. मध्यम हस्ताक्षरात ओळीला सहा-सात शब्द बसतात, म्हणजे साठ ते सत्तर. पुढच्या बाजूचा उजवा अर्धा भाग पत्त्याचा, डावा अर्धा लिहायला मोकळा. छपाई टाळून तिथं आठ ओळी, ओळीला तीन शब्द, चोवीसच्या आसपास. दोन्ही मिळून पंच्याऐंशी ते पंचाण्णव. शतशब्दकथा बसवायचीच असेल तर रेघा सात मिलिमीटरवर आणाव्या लागतात. मग मागे अकरा आणि पुढे नऊ ओळी होतात आणि शंभराचा आकडा जेमतेम गाठता येतो.

सुरुवातीला तो आकडा गाठायच्या फंदात पडू नये. शतशब्दकथा म्हणजे इंग्रजीतला ड्रॅबल. १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या विज्ञानकथांच्या चाहत्यांनी तो रूढ केला आणि बरोब्बर शंभर शब्द हीच त्यातली मजा. खेळ म्हणून छान आहे, पण सरावाला त्याचा एक तोटा होतो. कथा अठ्ठ्याहत्तर शब्दांत संपलेली असताना उरलेले बावीस भरायला माणूस पावसाचं वर्णन घालतो. नवख्या माणसानं फक्त मागची बाजू वापरावी आणि खाली जागा उरली तर उरू द्यावी.

रेघा मारल्याशिवाय लिहू नका. कोऱ्या कार्डावर चौथ्या ओळीपासून अक्षर बारीक व्हायला लागतं, आणि शेवटच्या दोन ओळी तर औषधाच्या बाटलीवरच्या छपाईसारख्या होतात. जागेची मर्यादा हीच इथली शिस्त. अक्षर बारीक करून ती मोडायची असेल तर फुलस्केप कागद काय वाईट?

पेन साधं बॉलपेन, ०.७ चं. कार्डाचा कागद शाई शोषतो, त्यामुळे शाईच्या पेनाचं अक्षर फुटतं आणि अनुस्वार पसरून शेजारच्या वेलांटीला जाऊन भेटतो. जेलपेन चालतं, पण वाळायला वेळ द्यावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या हवेत कपाटातली कार्डंसुद्धा सादळतात. पिशवीत घट्ट बांधून ठेवा, नाहीतर बॉलपेनसुद्धा रुतत चालतं.

कार्डावर थेट लिहायचं नाही. आधी वहीत, दहा मिनिटं, न थांबता. दीडशे-दोनशे शब्द होतील. विषय शोधत बसू नये. एक जागा, दोन माणसं आणि त्यांच्यामधली एक वस्तू एवढं पुरतं. गंगावेशीतला दूध कट्टा, दोघं भाऊ, एकच पेला. केएमटी बसचा थांबा, सासू-सून, सुट्टे पैसे. तीन माणसं आली की कार्ड पुरत नाही. तिसऱ्याची ओळख करून देण्यातच दोन ओळी जातात. काळही एकच ठेवा. ‘वीस वर्षांपूर्वी’ असं लिहिलंत की अर्धं कार्ड गेलंच समजा.

मग दुसऱ्या रंगाच्या पेनानं खोडायचं. पहिल्या फेरीत पहिलं आणि शेवटचं वाक्य झाकून उरलेलं वाचा. दहातल्या सात-आठ वेळा दोन्ही नको असतात. पहिल्यात आपण घसा खाकरतो आणि शेवटच्यात वाचकाला समजावून सांगतो. दुसरी फेरी क्रियापदांची. ‘निर्णय घेतला’ नको, ‘ठरवलं’ पुरे. ‘रडायला सुरुवात केली’ म्हणजे ‘रडली’. ‘टेबलावर जी बाटली ठेवलेली होती ती’ म्हणजे ‘टेबलावरची बाटली’. सरकारी पत्रव्यवहारात मुरलेल्या हातांनी ‘करण्यात आले’ तेवढं शोधून काढावं, त्यांचं निम्मं काम तिथंच होतं. तिसरी फेरी विशेषणांची. सगळी विशेषणं काढून टाका आणि मग ज्याच्यावाचून अर्थ बदलतो तेवढंच परत घ्या.

उदाहरणाशिवाय हे कळायचं नाही. हा वहीतला कच्चा मजकूर, शहाण्णव शब्दांचा (गुजरी म्हणजे कोल्हापूरची सराफ पेठ, आणि साजाची पानं म्हणजे त्यातली सोन्याची पदकं):

सखूबाई नावाची एक गरीब विधवा एके दिवशी दुपारी गुजरीतल्या एका जुन्या सराफाच्या दुकानात आली. तिच्या हातात सासूनं लग्नात दिलेला कोल्हापुरी साज होता. सराफानं तो साज हातात घेऊन नीट निरखून पाहिला आणि तो तिला म्हणाला, “मावशी, या साजातली दोन पानं कमी आहेत.” तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “एक पान मी थोरल्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी मोडलं आणि दुसरं मधल्या मुलीच्या नर्सिंगसाठी.” सराफानं तिला विचारलं, “मग आज कुठलं पान मोडायचं आहे?” त्यावर ती हसून म्हणाली, “आज मोडायचं नाही. मधलीला नोकरी लागली आणि तिचा पहिला पगार झाला, म्हणून पानं परत बसवून घ्यायला आले आहे.” हे ऐकून सराफाचे डोळे पाणावले.

आणि हा खोडून उरलेला:

“मावशी, साजात दोन पानं कमी हाईत.”
“एक थोरलीच्या कॉलेजला गेलं. एक मधलीच्या नर्सिंगला.”
सराफानं काटा पुढं ओढला. “आज कुठलं मोडायचं?”
“मोडायचं न्हाई, बसवायचं. मधलीचा पगार झाला.”

सव्वीस शब्द. काय गेलं ते बघा. ‘सखूबाई’ गेली, कारण ‘मावशी’नं वय आणि नातं दोन्ही सांगितलं. ‘गुजरी’ आणि ‘दुकान’ काट्यानं सांगितलं. ‘गरीब’ हे मोडलेल्या पानांवरून कळतं. ‘विधवा’ असण्यावर कथेतलं काहीच अवलंबून नव्हतं, तो शब्द फक्त वाचकाला हळवं करायला ठेवला होता. ‘सासूनं लग्नात दिलेला’ काढताना हात थबकतो, कारण तपशील खरा वाटतो. पण तो ठेवला की वाचक सासूची वाट बघत बसतो. ‘खाली मान घालून’ आणि ‘हसून’ या नटाला दिलेल्या सूचना आहेत. संवाद नीट असला की त्यांची गरज उरत नाही. पाणावलेल्या डोळ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

एक वाक्य मात्र नव्यानं आलंय: ‘सराफानं काटा पुढं ओढला.’ खोडणं म्हणजे नुसतं वजा करणं, असं समजणाऱ्यांची इथंच फसगत होते. कच्च्या मजकुरात सराफ नुसता विचारतो. इथं तो ‘बाई मोडायलाच आली’ हे गृहीत धरून हात चालवतो, आणि पुढचा शब्द त्या गृहीतावर आपटतो. चार शब्द घातले म्हणून शेवटचं अख्खं वाक्य काढता आलं.

तरी हे अजून पक्कं नाही. ‘मोडायचं न्हाई’ हा प्रश्नाचाच पुनरुच्चार, आणि ‘पगार झाला’ शेवटी आल्यामुळे कथा खुलाशावर संपते. उलटं करून बघा: “मधलीचा पगार झाला. बसवायचं हाय.” एकच शब्द कमी झाला, पण आता वळण शेवटच्या वाक्यात आहे आणि कारण आधीच येऊन गेलंय. वाक्यांचा क्रम बदलून पाहणं ही चौथी फेरी. बहुतेक जण ती करतच नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाताशी काही साधनं फुकट असतात आणि ती कार्डावरच कळतात. ‘अहो’ आणि ‘अगं’ यांत नातं येतं. पत्रात वडिलांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ असलं की घर उभं राहतं. ‘आलो’ की ‘आले’ यावरून बोलणारा पुरुष की बाई हे कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. ‘आत्या’ म्हटलं की वडिलांची बहीण, ‘मामी’ म्हटलं की आईचं माहेर. क्रियापदातच कर्ता असतो, त्यामुळे ‘मी’, ‘तो’, ‘ती’ यांतले निम्मे विनातक्रार जातात. दोघंच बोलत असतील तर ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ एकदाही लागत नाही. फक्त दोघांची संबोधनं वेगळी ठेवा.

बोलीचा मुद्दा नाजूक आहे. ‘हाईत’, ‘न्हाई’ हे संवादात शोभतं, कारण माणूस तसं बोलतो आणि जागाही वाचते. पण ‘नाद खुळा’, ‘लई भारी’ असं काहीबाही कोंबून गाव दाखवायला गेलात तर कार्ड रंकाळ्यावरच्या फ्लेक्ससारखं दिसायला लागतं. निवेदन आणि संवाद दोन्ही बोलीत लिहायचे तर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत तसंच लिहा, मध्येच प्रमाण भाषेत घसरू नका.

सर्वांत जास्त कार्डं वाया जातात ती शेवटामुळे. फोटोला हार घातलेला असतो. फोनवर ज्याच्याशी बोलणं चाललंय तो वारलेला असतो. मुलगा वृद्धाश्रमाच्या दारात उभा असतो. सगळं स्वप्न असतं. हे शेवट पहिल्यांदा वाचताना चटका देत असतील, पण आता वाचक दुसऱ्या ओळीलाच हार ओळखतो. त्यामागचं कारण तांत्रिक आहे: जागा कमी म्हणून लिहिणारा धक्क्यावर अवलंबून राहतो, आणि मृत्यू हा सर्वांत कमी शब्दांत देता येणारा धक्का. उपाय असा की शेवटी माहिती उघड करायची नाही, कृती द्यायची. वाचकाला आधीच माहीत असलेल्या वस्तूचं कुणीतरी काहीतरी अनपेक्षित करतं, बस्स.

दुसरी हमखास चूक म्हणजे इतकं गाळणं की कोडं व्हावं. लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं म्हणून त्याला ते स्पष्ट वाटतं. यावर पोस्टकार्डाचा खरा उपयोग होतो, कारण ते पाठवता येतं. एकच कथा तीन कार्डांवर उतरवून तिघांना पाठवा आणि एवढंच विचारा: काय घडलं ते एका वाक्यात कळव. ‘आवडली का’ असं विचारू नये, ओळखीची माणसं आवडलीच म्हणतात. तिघांपैकी दोघांनी वेगवेगळं घडलेलं सांगितलं तर कथा बसलेली नाही. दीड रुपयात याहून प्रामाणिक परीक्षण मिळणार नाही.

एक कार्ड स्वतःच्याच पत्त्यावर टाकावं, ही सर्वांत उपयोगी युक्ती. गावातल्या गावात दोन-तीन दिवस धरा, पावसाळ्यात जास्त. तोवर मजकूर डोक्यातून उतरलेला असतो आणि दारात आलेलं कार्ड परक्याचं असल्यासारखं वाचता येतं. वहीतलं पान उलटून हा परिणाम साधत नाही, कारण वही उघडताना आपल्याला पुढचं आठवत असतं. पिनकोडच्या सहाच्या सहा चौकटी भरा. राजारामपुरीचं ४१६००८, विद्यापीठाचं ४१६००४. नुसतं ‘कोल्हापूर’ लिहून टाकलेलं कार्ड आणखी रेंगाळतं.

पोस्टकार्ड उघडं असतं, हे विसरू नका. पोस्टमन वाचतो, घरातलं कुणीही वाचतं. ‘उद्या मी नसेन’ असा प्रथमपुरुषी मजकूर वरती काही न लिहिता मामाच्या पत्त्यावर टाकलात, तर कार्ड पोचल्या दिवशी पाव्हणे दारात. डाव्या कोपऱ्यात ‘कथा’ एवढं लिहा. त्याला जागा लागते, पण ती द्यावी.

यातून रोजचं लिहिणं सुधारतं का? अर्धं. खोडायची सवय थेट उतरते: सोसायटीची नोटीस, कार्यालयातलं टिपण, बातमी, सगळीकडे पहिलं वाक्य झाकून बघायचा हात बसतो. पण कथेत जे गाळणं गुण असतं ते अर्जात दोष ठरतं. रस्त्यावरचा दिवा बंद असल्याचा महापालिकेला अर्ज करताना खांबाचा क्रमांक, गल्ली, तारीख हे सगळं लिहावंच लागतं. तिथं सूचकतेला काही किंमत नाही. म्हणून चार कार्डं कथेची झाली की पाचवं अर्जाचं लिहावं: त्याच दहा ओळी, आणि एकही गोष्ट वाचकानं ताडायची नाही. दोन्ही हात वेगळे आहेत हे एकदा कळलं की गोंधळ होत नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात. अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांचं, बंद होतं, जागाही ऐसपैस. अडीचशे-तीनशे शब्दांची कथा जमायला लागल्यावर घ्यावं, आधी नको. मेघदूत कार्ड कुठं मिळालं तर २५ पैशांना पडतं, पण पत्त्याच्या बाजूच्या डाव्या भागात जाहिरात असते, तेवढी जागा गेली. स्पर्धेचं पोस्टकार्ड १० रुपयांचं, सरावाला त्याचं काही काम नाही. मजकूर संगणकावर टाइप करून कार्डावर छापायचा विचार असेल तर सोडून द्या. छापील पोस्टकार्डाचा दर ६ रुपये आहे, आणि आकार लहान करायचं बटण हाताशी असलं की जागेची शिस्त तिथंच संपली. मोबाइलवर लिहायचंच असेल तर वहीतला कच्चा मजकूर तिथं लिहा, खोडायला सोपं जातं. पण शेवटची प्रत हातानंच.

त्रुटी आहेत. कार्डं प्रत्येक पोस्टात कायम असतील असं धरून चालू नका. रेघा आपणच मारायच्या. खाडाखोड लपत नाही, त्यामुळे नवव्या ओळीत चुकलं की अख्खं कार्ड पुन्हा. उतरवताना शब्द गळणं किंवा ‘की’ ऱ्हस्व होणं हे सर्रास होतं, म्हणून पहिली प्रत पेन्सिलीनं करावी. आणि ज्यांचं अक्षर मुळातच मोठं आहे, त्यांना मागच्या बाजूवर चाळीसच शब्द मिळतात. त्यांनी दोन्ही बाजू वापराव्यात, त्यात कमीपणा नाही.

घेताना वीस घ्या, दहा रुपये होतात आणि सुट्ट्या पैशांची कटकट उरत नाही. त्यातली पाच खराब होणार हे धरूनच चाला. उरलेल्या पंधरांत तीन कथा तिघांना आणि स्वतःला पाठवून होतात. तेवढ्यात ही पद्धत आपल्याला मानवते की नाही ते कळतं.